गणितात पदवी घेतली, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून ठरावीक प्रश्न ऐकू येतात. इंजिनिअरिंगला नंबर लागेल का? आय.टी.आय. बरे की डिप्लोमा? अशा वेळी मुलगी म्हणाली, "मला गणितात बी.एस्सी. करायचे आहे," तर घरातले गप्प होतात. तीन वर्षे शिकवायचे, वर आणखी दोन वर्षे, आणि शेवटी काय, तर शिकवण्याच! वडील रोजावर आणि आई चार घरची कामे करणारी असेल, तर ही काळजी खोटी म्हणता येणार नाही. मात्र ती अपुऱ्या माहितीतून आलेली आहे, असे आम्हांस वाटते.

गणिताच्या पदवीधराला वाटा पुष्कळ आहेत. अडचण अशी, की त्यांतली काही दारे पदवी हाती पडण्यापूर्वीच बंद होतात. म्हणून हा लेख शेवटच्या वर्षाच्या मुलांनी वाचावाच. पण बारावीच्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी तो आधी वाचावा.

संख्याशास्त्र सोडू नका

पहिल्या वर्षी गणिताबरोबर संख्याशास्त्र घेतलेली बरीच मुले पुढे ते सोडून देतात. त्याची किंमत नंतर कळते. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. ही केंद्र सरकारची वर्ग एकची सेवा. पण तिथे नुसते गणित चालत नाही. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, नाहीतर त्यात एम.एस्सी. करावी लागते. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर हे पद असते. त्यासाठी पदवीला संख्याशास्त्र हवे, किंवा बारावीला गणितात ६० टक्के गुण हवेत. म्हणजे बारावीच्या गणिताचे गुण पदवीनंतरही कामाला येतात. पालकांनो, मुलगा एखादा विषय सोडतो म्हणाला, तर "का?" एवढे तरी जरूर विचारा.

शिक्षकी आणि प्राध्यापकी

शिकवण्याची वाट कमी लेखण्याचे कारण नाही. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला टी.ई.टी. पास व्हावी लागते, आणि सरकारी भरतीत अभियोग्यता चाचणीचे गुण धरले जातात. कॉलेजात शिकवायचे तर एम.एस्सी.नंतर नेट किंवा सेट. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

घरच्या पैशाविना संशोधन

पीएच.डी. म्हणजे श्रीमंतांचा शौक, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. सी.एस.आय.आर.ची नेट परीक्षा गणित विषयात देऊन जे.आर.एफ. मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि घरभाडे मिळते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तिची स्थापना १९४५ ची. तिथे बी.एस्सी.नंतरही प्रवेश परीक्षा देता येते आणि निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळते. जागा थोड्या आणि परीक्षा कठीण, हे मात्र ध्यानात ठेवावे. आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी. करायची असेल तर जॅम ही परीक्षा शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना तिची फी कमी आहे.

लहान गावच्या कॉलेजातील मुलांसाठी आणखी एक सोय सांगतो. एम.टी.टी.एस. नावाचे गणिताचे उन्हाळी शिबिर १९९३ पासून भरते. निवड झालेल्यांची राहण्या-जेवणाची व्यवस्था शिबिराकडूनच होते. तिथे पाठांतर चालत नाही, "हे खरे कशावरून?" असे विचारत गणित शिकवतात. एक शिबिर केले की आपली तयारी कितपत आहे, ते मुलाला स्वतःलाच उमगते.

विमा आणि संगणक

किती माणसे आजारी पडतील, किती लवकर जातील, याचा गणिती अंदाज बांधून विम्याचा हप्ता ठरवणाऱ्याला ॲक्चुअरी म्हणतात. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया ही संस्था त्याच्या परीक्षा घेते. तिची ए.सी.ई.टी. ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पुढचे पेपर अनेक आणि वर्षे खाणारे आहेत, पण नोकरी करता करता देता येतात. संगणकाकडे ओढा असेल तर एम.सी.ए. आता दोन वर्षांचे झाले आहे. २०२४ पासून गेट परीक्षेत डेटा सायन्सचा स्वतंत्र पेपरही आहे. त्यात संभाव्यता, संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित येते, म्हणजे गणिताच्या मुलाचे निम्मे घर आधीच बांधलेले!

पैसा आणि कागदपत्रे

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. केंद्राच्या परीक्षांना दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. हुशार मुलगा पेपरात पास होऊन कागदात नापास होऊ नये. तो दाखला पहिल्याच वर्षी काढून ठेवा.

आमचे सांगणे थोडके आहे. या सगळ्या वाटा एकाच मुलाने चालायच्या नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे, यांतल्या दोनच निवडाव्यात, त्यांच्या अटी आणि अर्जाच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ते भिंतीला टांगावे. आईला वाचता येत नसेल तर मुलीने तिला त्या तारखा वाचून दाखवाव्यात. आई एकही तारीख विसरणार नाही.