पेनड्राइव्हमधला पाहुणा

2025 ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. फराळाचे डबे घासून पालथे घातले आणि शाळेच्या चाचणीचे पेपर टाईप करावेत म्हणून मी निवांत बसले. पाहते तो काय, लॅपटॉप सुरूच होईना! काळा पडदा, त्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आणि पुन्हा काळा पडदा. माझ्या पोटात धस्स झालं. पेपर काय, हातानंही लिहिता आले असते. पण त्या लॅपटॉपमध्ये माझ्या आईचे फोटो होते, आणि आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

धसका घ्यायला कारणही होतं. काही वर्षांपूर्वी आमचा जुना कॉम्प्युटर असाच रुसला होता. दुकानातल्या मुलानं तो 'फॉर्मॅट' करून दिला. मशीन झकास चालू झालं, पण नणंदेच्या लग्नाचे सगळे फोटो पुसले गेले. त्यानं विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. या वेळीही ह्यांनी बर्डीवर एका दुकानात फोन केला, तर तेच उत्तर आलं. "फॉर्मॅट मारावं लागेल. नाहीतर नवीनच घ्या, साहेब. विंडोज 10 चं काम संपलं आता."

त्यातलं शेवटचं वाक्य अगदीच खोटं नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केली, आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज 11 चढत नाही. पण दिवाळीच्या खर्चानंतर नवा लॅपटॉप आणायचा कुठून?

संध्याकाळी पुतण्या आला. तो इंजिनीअरिंगला आहे. माझा चेहरा पाहून म्हणाला, "काकू, कशाला एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? आधी आत काय शिल्लक आहे ते तर पाहू." खिशातून त्यानं बोटाएवढा पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉपला लावला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी पडद्यावर नावांची यादी आली. त्यानं एक नाव निवडलं. दोन-तीन मिनिटांत एक वेगळाच, स्वच्छ पडदा उघडला. बाजूला आमच्या डिस्कचं चित्र होतं. ते उघडलं, आणि आईचे फोटो जागच्या जागी! गच्चीवर कुरडया घालताना, डोक्यावर पदर घेऊन, हातानं मला 'नको काढू' म्हणणारी आई. मला बोलताच येईना. तासाभरात सगळे फोटो दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरले.

मैत्रिणींनो, ही जादू नाही. ती समजून घेतली तर आपल्यासारख्या घरोघरच्या बायकांच्या फार कामाची आहे. म्हणून हा लेख.

हा पाहुणा येतो कसा?

कॉम्प्युटर चालवणारी मुख्य प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, एरवी मशीनच्या डिस्कवर कायमची मुक्कामाला असते. विंडोज ही तशीच एक. 'लाइव्ह' प्रणाली मात्र पेनड्राइव्हवरूनच चालते. लागेल तेवढा भाग ती मशीनच्या तात्पुरत्या स्मरणात, म्हणजे रॅममध्ये, घेते. मशीन बंद केलं की रॅम रिकामी होते. आपला डबा आणि आपली वळकटी घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं हे आहे. घरातल्या कपाटाला तो आपण होऊन हात लावत नाही आणि जाताना अंथरूण गुंडाळून जातो.

यातल्या बहुतेक प्रणाली 'ओपन सोर्स' आहेत, म्हणजे त्यांची पाककृती सगळ्यांना उघडी आहे. कोणीही ती वाचावी, आपल्या चवीप्रमाणे बदलावी आणि पुढे वाटावी. म्हणूनच लिनक्स या एका पिठापासून कितीतरी खास कामांसाठी निरनिराळ्या प्रणाली तयार झाल्या. पुतण्याच्या पेनड्राइव्हवर 'व्हेंटॉय' नावाची सोय होती. तिच्यामुळे एकाच पेनड्राइव्हवर अशा पाच-सहा प्रणाली ठेवता येतात. अगदी आपला मसाल्याचा डबा!

डब्यातली एकेक वाटी

आमचे फोटो काढले ती 'सिस्टिमरेस्क्यू'. बिघडलेल्या मशीनची तपासणी आणि सुटका करण्यासाठीच ती बनवली आहे. अगदी जुन्या, मंद मशीनसाठी 'पपी लिनक्स' आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी ती 2003 मध्ये काढली. ती इतकी आटोपशीर आहे की सगळी रॅममध्ये मावते.

'नॉपिक्स'ची हकीकत मला फार आवडली. जर्मनीतल्या क्लाउस नॉपर यांनी 2000 मध्ये ती काढली आणि सीडीवरून थेट चालणारी प्रणाली लोकांच्या ओळखीची केली. त्यांच्या पत्नीला, अ‍ॅड्रियान यांना, दिसत नाही. म्हणून पुढे त्यांनी तिच्यातच पडद्याकडे न पाहता ऐकून वापरता येईल असा भाग बनवला आणि त्याला पत्नीचंच नाव दिलं. मराठी बोलण्याची अपेक्षा मात्र तिच्याकडून ठेवू नये.

'टेल्स' ही 2009 पासूनची प्रणाली खाजगीपणासाठी आहे. तिचा सगळा इंटरनेट व्यवहार 'टॉर' या जाळ्यातून होतो, आणि बंद करताच ती सारं विसरते. घरातच पाळत असलेल्या एखाद्या बाईला मदत शोधायची असेल तर तिचं मोल कळेल.

मुलांसाठी 'शुगर' आहे. तिचं आपल्या महाराष्ट्राशी नातं आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या चळवळीनं 2007 मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत हिरवे-पांढरे चिमुकले लॅपटॉप दिले होते. भारतातला त्यांचा हा पहिलाच प्रयोग. त्या लॅपटॉपवर हीच शुगर होती. 2009 पासून ती पेनड्राइव्हवरूनही चालवता येते. कासवाला सूचना देऊन चित्र काढायचा तिच्यातला खेळ मी शाळेतल्या जुन्या मशीनवर लावला. चौथीच्या मुलींनी आधी चौकोन काढला, मग रांगोळी!

आपल्या देशाची 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्सही आहे. 'सी-डॅक' या सरकारी संस्थेनं ती 2007 मध्ये आणली. तिच्यात मराठीची सोय आहे आणि शाळांसाठी 'एज्युबॉस' असा वेगळा अवतारही आहे. सी-डॅकची स्थापना 1988 मध्ये पुण्यात झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातले आणि इंजिनीअर झाले ते आपल्या नागपुरात, हे सांगताना ऊर भरून येतो.

करायचं कसं?

आठ जीबीचा (अनेक प्रणाली हव्या असतील तर बत्तीस जीबीचा) रिकामा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून लेकीच्या प्रोजेक्टचा उचलू नये. प्रणाली तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि व्हेंटॉय किंवा 'रूफस'च्या मदतीनं पेनड्राइव्हवर घ्यावी. मग मशीन सुरू होत असतानाच एफ-12, एफ-9 किंवा एस्केप कळ दाबावी (कंपनीप्रमाणे कळ बदलते) आणि पेनड्राइव्हचं नाव निवडावं. पहिल्यांदा घरातल्या जाणत्या मुलाला शेजारी बसवावं, पण कळ मात्र आपण दाबावी!

आणि हे विसरू नये:

1. पडद्यावर 'इन्स्टॉल' असं दिसलं तर त्याला हात लावू नये. पाहुण्याला घर लिहून द्यायचं ते तिथेच.

2. पाहुणा आपण होऊन कपाट उघडत नाही, पण आपण उघडून दिलं तर आतलं पुसूही शकतो. म्हणून डिस्कवरच्या फाइली फक्त बाहेर उतरवाव्यात, बदलू नयेत.

3. काही लॅपटॉपची डिस्क 'बिटलॉकर'नं कुलूपबंद असते. त्याची लांबलचक अंकी किल्ली आधीच वहीत उतरवून ठेवावी.

4. पाहुणा असताना केलेलं काम मशीन बंद करताच जातं. ठेवायचं ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावं.

5. पेनड्राइव्हवरून काम थोडं सावकाश चालतं. त्यावरून प्रणालीची परीक्षा करू नये.

6. डिस्कच नादुरुस्त असेल, खरखर आवाज येत असेल, तर प्रयोग न करता जाणकाराकडे न्यावं.

आमच्या लॅपटॉपचं पुढं काय झालं? फोटो बाहेर आल्यावर धाक गेला. मग 'लिनक्स मिंट' ही रोजच्या वापराची प्रणाली मी आठवडाभर पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिली. मराठी टंकलेखन, प्रिंटर, सासूबाईंचं कीर्तन, ह्यांचे हिशेब, सगळं तपासलं. ह्यांच्या हिशेबाची एक फाइल जरा वेडीवाकडी दिसली, बाकी सारं जमलं. मगच तिला कायमचं घरात घेतलं. नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले, हे खरंच. पण याआधी मशीन बिघडलं की मी बाजूला उभी राहायची आणि निर्णय दुकानदार घ्यायचा. या वेळी तो मी घेतला.

पुतण्यानं तसाच एक पेनड्राइव्ह मला भरून दिला. तो आता टॉर्च आणि मेणबत्त्यांच्या खणात असतो. वीज गेली की लागणाऱ्या वस्तू आपण आधीच हाताशी ठेवतोच की!