एका प्याल्यासाठी दोन राजे

धर्म आणि सत्ता यांचा विषय निघाला की आपण बहुतेकदा इंग्लंड-फ्रान्सची उदाहरणे देतो. बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाची गोष्ट मात्र आपल्यापर्यंत फारशी येत नाही.

त्या काळी चर्चमध्ये सामान्य भाविकाला प्रसाद म्हणून फक्त भाकर मिळे. द्राक्षारसाचा प्याला धर्मगुरूंपुरता राखीव! यान हुस हा धर्मोपदेशक प्रागमध्ये लोकांच्या चेक भाषेत धर्मगुरूंच्या संपत्तीवर, पापक्षमेच्या विक्रीवर बोलत असे. सिगिसमंड राजाच्या अभयपत्रावर विश्वासून तो कॉन्स्टन्सच्या धर्मसभेला गेला. तिथे ६ जुलै १४१५ रोजी त्याला जिवंत जाळले. पुढे 'प्याला सर्वांना' हेच त्याच्या अनुयायांचे निशाण झाले.

१४१९ मध्ये बोहेमियाची गादी रिकामी झाली आणि वारसाहक्काने याच सिगिसमंडकडे आली. लोकांनी ते मानले नाही. १४२१ च्या चास्लाव येथील सभेने त्याला राजा म्हणून नाकारले. त्याच्या बाजूने आलेल्या धर्मयुद्धाच्या फौजा पुन्हा पुन्हा हरल्या. अखेर १४३६ मध्ये तडजोड झाली: प्याल्याला मान्यता, सिगिसमंडला गादी.

१४५८ मध्ये पोडेब्राडीचा जॉर्ज राजा म्हणून निवडून आला. तो राजघराण्यातला नव्हता, प्याला मानणारा होता. (निवडणारे सरदार आणि नगरांचे प्रतिनिधी होते; शेतकऱ्याला कुणी विचारले नाही, हे विसरू नये.) राज्याभिषेकावेळी त्याने पोपच्या आज्ञेत राहण्याची गुप्त शपथ घेतली. पोपच्या मते तिचा अर्थ प्याला सोडणे. जॉर्जने तसा अर्थ लावला नाही. १४६२ मध्ये पोपने जुनी तडजोड रद्द केली, १४६६ मध्ये जॉर्जला पदच्युत ठरवले. मग त्याचाच पूर्वीचा जावई, हंगेरीचा राजा मॅथियस चाल करून आला. १४६९ मध्ये कॅथलिक सरदारांनी त्याला राजा निवडले. एक राज्य, दोन राजे! जॉर्ज १४७१ मध्ये वारला, तरी त्याच्यानंतर निवडलेला व्लादिस्लाव आणि मॅथियस हे दोघेही बोहेमियाचे राजे म्हणवून घेत राहिले.

१४८५ मध्ये कुटना होरा येथे दोन्ही पंथांना समान दर्जा देणारा करार झाला. मालक कुठल्याही पंथाचा असो, त्याच्या शेतावरच्या कुळालाही आपला पंथ निवडता येणार होता. पंधराव्या शतकातल्या युरोपात ही मोठीच गोष्ट, असे आम्ही मानतो.

पण 'बंधूसंघ' नावाचा एक छोटा पंथही तिथे होता. हे लोक हिंसा आणि शपथ दोन्ही नाकारत. स्वतः पोपचा छळ सोसणाऱ्या जॉर्जने १४६१ मध्ये त्यांना पकडून छळले होते. १४८५ च्या करारात त्यांना जागा मिळाली नाही आणि १५०८ मध्ये तर त्यांच्या सभांवर, पुस्तकांवर बंदी आली.