पाऊस थांबला तरी पूर का चढतो?

(इयत्ता ४ थी)



मागच्या वर्षी राखीपौर्णिमेला आम्ही भामरागडला माझ्या आत्याकडे गेलो होतो. आमचे गाव चामोर्शी तालुक्यात. इथून सकाळी निघाले की संध्याकाळपर्यंत भामरागडला पोचता येते. पण आम्हाला चार दिवस लागले! त्या चार दिवसांत मला पुराबद्दल पुष्कळ समजले. तेच आज मी तुम्हाला सांगणार आहे.

दरवर्षी आत्या आमच्याकडे राखी बांधायला येते. मागच्या वर्षी तिचा फोन आला, "दादा, पर्लकोटा भरून आहे, मला येता येत नाही." बाबा म्हणाले, "मग आपणच जाऊ." बाबा, आई, आबाजी, मी आणि माझा लहान भाऊ असे पाच जण राखीच्या आदल्या दिवशी निघालो. आमचा रोवणा नुकताच आटोपला होता. आईने शिदोरीत भाकरी आणि वास्त्यांची भाजी बांधून घेतली.

एस.टी.ने आष्टीवरून आलापल्लीला गेलो आणि तिथून काळी-पिवळीत बसलो. आलापल्ली ते भामरागड साधारण ६५ किलोमीटर आहे. दोन्ही बाजूला जंगलच जंगल. पावसाळ्यात सागाला पांढरे तुरे येतात. ते भिजून रस्त्यावर पडले होते. बांबूच्या रांज्या वाकून गाडीला लागत होत्या. एका जागी वारुळाजवळ टेकोडे दिसले तर आई म्हणाली, "गाडी थांबवा ना!" पण ड्रायव्हरकाकांनी काही थांबवली नाही. पाऊस सारखा चालूच होता.

पुढे एका नाल्यावर गाडी थांबली. रपट्यावरून पाणी चालले होते, चहासारखे लाल. ड्रायव्हरकाका म्हणाले, "गुडघाभर तर आहे, काढतो मी." आबाजी लगेच खाली उतरले. म्हणाले, "बापू, पाण्याखाली रस्ता आहे का नाही, तुला दिसते का?" कोणीच काही बोलले नाही. मग आबाजींनी एक काठी घेतली, तिच्यावर विळ्याने चार खाचा पाडल्या आणि काठावर पाण्यात रोवून दिली. मला म्हणाले, "आता तुझं काम एवढंच. पाणी कोणत्या खाचेवर आहे ते पाहात राहायचं."

मी छत्री धरून बसलो. पाऊस कमी झाला तसे पाणी एक एक खाच उतरू लागले. दोन तासांत रपटा उघडा पडला. आणि काय पाहतो, तर डाव्या बाजूचा रपटा वाहून गेला होता! बैलगाडीचे चाक आत बसेल एवढा खड्डा. गाडी त्याच बाजूने जाणार होती. ड्रायव्हरकाकांनी आबाजींना हात जोडले. मग गाडी उजव्या बाजूने हळूहळू काढली.

इथे मी पहिली गोष्ट शिकलो. नाला लवकर चढतो आणि लवकर उतरतो. कारण त्याचे पाणी जवळच्या टेकड्यांवरून येते. तिथे पाऊस पडला की घटकाभरात नाला भरतो, आणि पाऊस थांबला की पाणी निघून जाते. म्हणून नाल्यावर थोडा धीर धरला की बहुतेक वेळा रस्ता मोकळा होतो.

संध्याकाळी हेमलकशाच्या पुढे पर्लकोटेच्या पुलाजवळ आलो. हेमलकसा म्हणजे जिथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला ते गाव. तिथून भामरागड अगदी जवळ आहे, मध्ये फक्त नदी. पण पूल कुठे दिसेना! सगळे पाणीच पाणी. पलीकडे भामरागडचे दिवे दिसत होते. आत्याचा फोन लागला. ती म्हणाली, "मी काठावरच उभी आहे, तुमच्या गाडीचा दिवा दिसते मला." आत्या एवढ्या जवळ, पण जाता येईना. आईचे डोळे भरून आले.

आम्ही अलीकडच्या गावात ओळखीच्या एका माडिया कुटुंबाकडे थांबलो. त्यांनी आम्हाला गरम भात दिला आणि शेकायला शेकोटी पेटवून दिली. मी नदीकाठी आबाजींची काठी रोवली.

दुसऱ्या दिवशी राखी होती. सकाळी चक्क ऊन पडले! मी धावत काठीजवळ गेलो, तर काय! काल पाणी पहिल्या खाचेवर होते, आज तिसऱ्या खाचेवर. पाऊस नाही आणि पाणी चढते कसे? नाल्यावर तर पाऊस थांबल्यावर पाणी उतरले होते. मी बाबांना विचारले. बाबांचे लक्षच नव्हते. ते म्हणाले, "मला पोहता येते. पुलाच्या अंदाजाने मी एकटा जाऊन येतो. आजचा सण चुकला तर बहिणीला काय वाटेल?" बाबांनी चपला काढल्यासुद्धा. मला फार भीती वाटली. लहान भाऊ रडायला लागला.

आबाजी ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "राखी उद्या बांधता येते, परवाही बांधता येते. भाऊ उद्या आणता येत नाही." बाबा खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी चपला परत घातल्या.

मग आबाजींनी मला पाणी का चढते ते सांगितले. भामरागडला तीन नद्या भेटतात, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. इंद्रावती सगळ्यात मोठी. शाळेत आल्यावर गुरुजींनी ती नकाशात दाखवली. ती ओडिशातल्या कालाहंडी जिल्ह्यात उगम पावते, छत्तीसगडच्या बस्तरमधून येते आणि शेवटी आपल्याच जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात सोमनूरला गोदावरीला मिळते. तिची लांबी सुमारे ५३५ किलोमीटर आहे. म्हणजे बस्तरमध्ये पडलेला पाऊस भामरागडला एक-दोन दिवसांनी येतो. इथे ऊन असले तरी तिकडचे पाणी वाटेत असते.

आबाजी म्हणाले, "आपल्या बांधीचं पाणी नाल्यात जाते. नालाच तुडुंब भरला तर बांधीचं पाणी जाईल कुठं? ते मागेच साचेल." अगदी तसेच पर्लकोटेचे होते. इंद्रावती भरली की ती पर्लकोटेचे पाणी घेत नाही. मग पर्लकोटा मागे मागे फुगत जाते, पूल बुडतो आणि पाणी गावात शिरते. याला तुंब किंवा फुगवटा म्हणतात. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडमध्ये कितीतरी वेळा पाणी शिरले होते.

हे फक्त भामरागडलाच होते असे नाही. भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की काही वेळाने आपली वैनगंगा फुगते आणि तिला मिळणारे नाले तुंबतात. म्हणून आपल्याकडे पाऊस नसतानाही कधी कधी बांध्यांत पाणी शिरते.

तिसऱ्या दिवशी पाणी एकच खाच उतरले. चौथ्या दिवशी दुपारी पूल दिसला. त्याच्यावर चिखल आणि झाडांचे ओंडके पडले होते. लोकांनी ते बाजूला केले आणि आम्ही चालत पलीकडे गेलो. आत्या धावत आली आणि बाबांच्या गळ्यात पडली. तिने तिथेच, चिखलात उभी राहून, बाबांना राखी बांधली. घरी गेल्यावर तिने भिंतीवरची २०१९ च्या पुराची खूण दाखवली. ती माझ्या डोक्याच्याही वर होती.

तिकडच्या लोकांची तयारी पाहून मला नवल वाटले. दूरच्या गावांत रेशनचे धान्य पावसाळ्याआधीच पोचवून ठेवतात. ज्या बाईला बाळ होणार असते तिला दिवस भरायच्या आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. कारण नाला भरल्यावर रात्री कुठे नेणार?

आता वाहत्या पाण्याचा जोर ऐका. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक हजार किलो, म्हणजे धानाची दहा मोठी पोती. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. अर्धा फूट पाणी वेगाने वाहत असेल तर मोठा माणूसही पडू शकतो. एक फूट पाण्यात लहान मोटार तरंगू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. म्हणून "गुडघाभरच आहे" असे कधीही म्हणू नये.

करून पाहा : अंगणात एक मोठी आणि तिला येऊन मिळणारी एक लहान नाली खणा. आधी लहान नालीत पाणी ओता. ते निघून जाईल. आता मोठ्या नालीचे तोंड चिखलाने थोडे दाबा, ती काठोकाठ भरा आणि मग लहान नालीत पाणी ओता. पाणी पुढे न जाता मागे फुगेल. आमच्या वर्गाने हा प्रयोग शाळेच्या पटांगणात केला आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या शाळेच्या आणि टोल्याच्या मध्ये नाला आहे. टोल्यावरून आपले अकरा वर्गमित्र येतात. आम्ही चौथीच्या मुलांनी गुरुजींच्या मदतीने रपट्याच्या दोन्ही बाजूंना एक एक खांब रोवला आहे. त्याला चुन्याचे आणि गेरूचे पट्टे दिले आहेत. गेरूचा पट्टा रपट्याच्या उंचीवर आहे. पाणी तिथपर्यंत आले की मुलांनी जिथे असतील तिथेच थांबायचे. शाळा बुडली तरी गुरुजी रागावणार नाहीत, त्यांनी तसे कबूल केले आहे. पालकहो, तुम्हीही बैलगाडी किंवा मोटारसायकल पाण्यात घालू नका. कोणी अडकले तर ११२ ला फोन करा.

आबाजींची काठी मी घरी आणली आहे. ज्यांना खाचा पाहायच्या असतील त्यांनी माझ्या घरी यावे.