अर्धाच गोवा पाहू नका

मोपा येथील विमानतळ २०२३ साली प्रवाशांसाठी खुला झाला आणि एके काळी आडबाजूचा मानला जाणारा पेडणे तालुका गोव्याचे प्रवेशद्वार बनला. परंतु उतरलेला प्रवासी थेट समुद्रकिनारा गाठतो. त्याने दोन स्थळे तरी अवश्य पाहावीत.

पहिले तेरेखोल. पेडण्यातील केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की हा किल्ला लागतो. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी तो १७४६ साली घेतला. आत संत अंतोनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी येथेच तिरंगा फडकविला.

दुसरे डिचोली तालुक्यातील नार्वे गावचे श्रीसप्तकोटेश्वर मंदिर. मूळ देवालय दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते पाडले गेले. भाविकांनी शिवलिंग नदीपार आणले. पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला.

मी ख्रिस्ती शिक्षक. ही हकीकत वर्गात सांगताना क्षणभर अडखळतो, तरीही सांगतोच. मुलांना चर्च तेवढे दाखविले आणि देवालयाची कथा वगळली, तर त्यांना अर्धाच गोवा कळेल. प्रवाशांनाही माझे हेच सांगणे आहे.