ड्रायरचा फ्यूज का उडतो?

ड्रम फिरतोय, पंख्याचा आवाज येतोय, पण तासाभरानंतरही जीन्सच्या शिवणी ओल्याच. अशा वेळी पहिला संशय कॉइलवर जातो. मी म्हणेन, आधी हवेचा रस्ता बघा.

एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट ऊर्जा लागते. ही वाफ बाहेर नेण्याचं काम हवेचं. जाळीत किंवा मागच्या पाइपात कपड्यांचे तंतू साचले, की दमट हवा आतच घुटमळते. कपडे ओले राहतात, आणि वारा न मिळाल्यानं कॉइलभोवतीचं तापमान मात्र चढत जातं. थर्मोस्टॅट पुन्हापुन्हा वीज तोडतो. तेवढ्यानं भागलं नाही तर थर्मल फ्यूज उडतो.

हा फ्यूज घरातल्या नेहमीच्या फ्यूजसारखा जास्त करंटनं नाही, तर जास्त तापमानानं तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. काही मॉडेलमध्ये त्यामुळे फक्त उष्णता बंद होते, काहींत मोटरच सुरू होत नाही. नवा बसवला आणि पाइप तसाच तुंबलेला ठेवला, तर तोही उडणार. मग कुणी तरी तो ‘डायरेक्ट’ करून देतो. हे कधीही करू देऊ नका. आत कोरडे तंतू आणि तापलेली कॉइल शेजारी-शेजारी असतात. त्यांच्यातला शेवटचा पहारेकरीच आपण काढून टाकतो. अमेरिकेत घरोघरी ड्रायर असतात, आणि तिथल्या अग्निशमन प्रशासनाच्या नोंदींत ड्रायरच्या आगींचं प्रमुख कारण साफसफाई न करणं हेच आहे.

तपासणी मल्टीमीटरनं होते, पण प्लग काढून आणि त्या भागाची एक वायर सोडवूनच. चांगला फ्यूज जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. २३० व्होल्टवर चालणारी २,००० वॉटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवायला हवी. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती तुटली. कॉइल आणि बाहेरचा पत्रा यांच्यात जोड दिसला तर ड्रायर वापरू नका, शॉक बसू शकतो.

मोटर चालते पण ड्रम हलत नाही, तर पट्टा तुटला असावा. ड्रम हातानं अगदी हलका फिरतो, यावरून ते कळतं.

दुरुस्तीनंतर ड्रायर चालू करून बाहेरच्या तोंडाशी हात धरा. झडप आपोआप उघडून गरम वाऱ्याचा जोरदार झोत लागला पाहिजे. झोत मंद असेल तर पाइप काढून पूर्ण साफ करा. भिंतीमागे चेपला गेला असेल तर बदला. पाइप नसलेल्या कंडेन्सर ड्रायरमध्ये हाच कचरा कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकतो.