एकसरचे वीरगळ : अक्षरहीन शिळांचे वाचन

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात डोंगरगाव येथे शके १०३४ (इ. स. १११२) चा एक संस्कृत शिलालेख मिळाला. परमार राजपुत्र जगद्देव याच्या काळातील हा लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केला. या लेखाने परमारांच्या वंशावळीतील एक जुना प्रश्न निकालात काढला. भोजानंतर माळव्याचे राज्य सावरणारा उदयादित्य हा भोजाचा कोण, याविषयी पूर्वी मतभेद होता. नागपूर येथील प्रसिद्ध प्रशस्तीत त्याला भोजाचा 'बंधु' म्हटले आहे; परंतु संस्कृतात 'बंधु' म्हणजे भाऊच असे नाही, कोणताही आप्त असा अर्थही संभवतो. डोंगरगावच्या लेखात उदयादित्याचा उल्लेख भोजाचा भाऊ म्हणून स्पष्टपणे आल्यामुळे संदेह उरला नाही. एका आडगावच्या दगडावरील एका शब्दाने विद्वानांचा वाद मिटला.

परंतु ज्या दगडावर शब्दच नाही, त्याचे काय करावयाचे? प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतलेल्या शिळा अशाच आहेत. त्या मुंबई महानगराच्या पोटात, बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर या गावठाणात आहेत. वाचता येईल असा लेख त्यांपैकी एकाही शिळेवर उरलेला नाही. आणि तरीही महाराष्ट्राच्या आरमारी इतिहासात त्यांचा दाखला वारंवार दिला जातो. तो कोणत्या मर्यादेत द्यावा, हे पाहणे आवश्यक आहे.

१. संज्ञा

युद्धात, गोधनाच्या रक्षणात अथवा गावाच्या बचावात पडलेल्या पुरुषाच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेला मराठीत 'वीरगळ' म्हणतात. यातील 'वीर' संस्कृत आहे. 'गळ' मात्र कन्नड 'कल्लु' म्हणजे दगड या शब्दाचे रूप होय. कन्नड समासात उत्तरपदाच्या आरंभीचा क् मृदू होऊन ग् होतो; म्हणून 'वीर' आणि 'कल्लु' मिळून 'वीरगल्लु', आणि त्यावरून मराठीत 'वीरगल' अथवा 'वीरगळ'. मासा धरण्याच्या गळाशी किंवा 'गळणे' या क्रियापदाशी या शब्दाचा संबंध नाही. मूळ धातुशब्द द्राविड कुलात दूरवर पसरलेला असून बलुचिस्तानातील ब्राहुई भाषेतही 'खल्' या रूपाने तो दगडाच्या अर्थी आढळतो. महाराष्ट्रात द्राविड भाषांचा शेजार केवळ दक्षिण सीमेवर आहे असे समजण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम लोकांची कोलामी ही द्राविड भाषा आजही बोलली जाते, एम. बी. एमेनो यांनी १९५५ साली तिचे वर्णनात्मक व्याकरण प्रसिद्ध केले. तथापि 'वीरगळ' हा शब्द मराठीत कन्नडमधून आला, हे त्याच्या घडणीवरूनच उघड होते.

याच्याच जोडीने 'गधेगाळ' या शब्दाचा विचार केला पाहिजे, कारण दोहोंची नेहमी सरमिसळ होते. गधेगाळ ही स्मारकशिळा नव्हे. ती दानाची शिळा होय. दान मोडणाऱ्याला दिलेला शाप तिच्यावर गाढवाच्या अश्लील चित्राने दाखविलेला असतो. येथील 'गाळ' म्हणजे शिवी किंवा शाप. 'वीरगळ' या शब्दाच्या साम्याने अनेकजण 'गधेगळ' असे लिहितात आणि मग 'गळ' म्हणजे दगड असा अर्थ तिकडेही लावतात. ध्वनिसाम्यामुळे दोन भिन्न कुळांचे शब्द एकाच घरचे वाटू लागावेत, याचे हे बोलके उदाहरण आहे. गुजरातेत स्मारकशिळेला 'पाळियो' म्हणतात, आणि जुन्या इंग्रजी वर्णनांत एकसरच्या शिळांना हेच नाव दिलेले आढळते.

२. शिळांचे स्वरूप

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये एकसरच्या सहा शिळांचे सविस्तर वर्णन आहे. त्या वेळी एका तळ्याच्या पश्चिम काठी, आमराईत, उत्तर-दक्षिण ओळीत त्या उभ्या होत्या. त्यांतील मोठ्या शिळा सुमारे १० फूट उंच व ३ फूट रुंद आहेत. पुढे हेन्री कझेन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात त्यांची दखल घेतली. १९५७ मध्ये बोरिवलीचा भाग बृहन्मुंबईत समाविष्ट झाला आणि आमराईच्या जागी हळूहळू नगर वसले.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या पट्टीत वीराचा मृत्यू किंवा त्याला कारण झालेला प्रसंग असतो, त्यावर युद्ध, त्यावर अप्सरा वीराला स्वर्गी नेत असल्याचे दृश्य, आणि शेवटी कैलासात शिवलिंगाची पूजा करणारा वीर. मराठीतील 'धारातीर्थी पडणे' या वाक्प्रचारात जी कल्पना आहे, तीच येथे दगडात उतरली आहे : तलवारीची धार हेच तीर्थ, आणि तेथे देह ठेवणाऱ्यास मोक्ष. एकसरच्या शिळांचीही रचना अशीच आहे. त्यांच्या माथ्यावर मोठे कलश कोरलेले असून वीरावर पुष्पमाला घेऊन येणाऱ्या आकाशगामी आकृती दिसतात.

या शिळांचे वेगळेपण खालच्या पट्ट्यांत आहे. देशावरील वीरगळांत घोडेस्वार, पायदळ व गायींचे कळप नित्याचे; येथे भूमीवरील लढाईबरोबर गलबतांच्या रांगा आहेत. एका शिळेवर उंच नाळेची, डोलकाठी असलेली पाच जहाजे युद्धास निघालेली असून एकेका बाजूस नऊ वल्ह्यांची ओळ स्पष्ट दिसते. त्यावरच्या पट्टीत अनेक नौकांनी एका जहाजाला घेरले आहे आणि त्यावरील माणसे पाण्यात पडत आहेत. मध्ययुगीन कोकणातील नौकांची बांधणी आणि आरमारी लढाईची रीत यांविषयी इतका प्रत्यक्ष चित्ररूप पुरावा अन्यत्र क्वचितच सापडतो.

३. काळाचा प्रश्न

या शिळा कोणत्या युद्धाच्या? एक मत असे की, उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात इ. स. १२६५ च्या सुमारास झालेल्या लढाईची ही स्मारके आहेत. सोमेश्वराचे रानवड व चांजे येथील लेख शके ११८१ व ११८२ चे आहेत. त्यानंतर लवकरच त्याचे राज्य यादवांकडे गेले. हेमाद्रीने आपल्या राजप्रशस्तीत सोमेश्वर बुडून नाश पावल्याचे सांगितले आहे. समुद्रात तरून जाण्यात कुशल असूनही महादेवाच्या हत्तींच्या मदजलाच्या नद्यांत तो बुडाला, अशी त्यातील कविकल्पना आहे. एकसरच्या शिळांवर हत्ती व जहाजे दोन्ही आहेत. तेव्हा हा मेळ चटकन जमतो.

दुसरे मत शिळांचा काळ सुमारे अडीचशे वर्षे मागे नेते. परमार भोजाने कोकण जिंकल्याचा उत्सव साजरा करून दिलेली बांसवाडा व बेटमा येथील दानपत्रे इ. स. १०२० ची आहेत. शिळांवरील शिल्पाची घडण अकराव्या शतकाला जवळची वाटल्याने काही अभ्यासक त्यांचा संबंध या स्वारीशी जोडतात. या मताचा स्वीकार केल्यास एकसरच्या वीरांचा शत्रू ठरतो तो भोज. म्हणजे डोंगरगावच्या लेखातील जगद्देवाचा चुलता.

दोन्ही मतांची तपासणी केली असता त्यांतील समान दोष ध्यानात येतो. दोन्ही मते एखाद्या ज्ञात राजाच्या ज्ञात युद्धापासून निघतात आणि शिळा तेथे नेऊन बसवितात. हत्ती हे यादवांचेच लक्षण नव्हे. ते त्या काळच्या बहुतेक सैन्यांत होते. हेमाद्रीच्या मदजलाच्या नद्या हा अलंकार आहे. त्यावरून शिल्पातील हत्तींची ओळख पटविणे म्हणजे काव्याचा साक्षीदार म्हणून उपयोग करणे होय. उलट पक्षी, भोजाची दानपत्रे विजय सांगतात, पण तो समुद्रावर मिळाला असे सांगत नाहीत. शिवाय कोकणच्या किनाऱ्यावर सागरी संघर्षाचे प्रसंग या दोनच काळांत आले असे नाही. गोव्याच्या कदंबांचे आरमारही या समुद्रात वावरत होते. अनेक शिळा एका ओळीत असल्या तरी त्या एकाच दिवसाच्या लढाईतल्या आहेत, हेही गृहीतच आहे.

याचा अर्थ शिळांचा काळ कधीच ठरणार नाही असा नव्हे. नौकांचे आकार, शस्त्रे, वेश, कलशाची घडण यांची तुलना कालोल्लेख असलेल्या वीरगळांशी केल्यास निश्चित पायरी हाती येऊ शकते. एस. सेत्तर आणि गुंथर सोनथायमर यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या स्मारकशिळांवरील ग्रंथाने अशा तुलनेचा मार्ग दाखविला आहे. कर्नाटकात लेखयुक्त वीरगळ विपुल आहेत. महाराष्ट्रात बहुसंख्य निर्लेख. म्हणून जेथे अक्षरे आहेत तेथून चित्रांचा क्रम लावावा आणि मग अक्षरहीन शिळेकडे यावे, हाच सरळ क्रम होय. तोपर्यंत 'इ. स. १२६५ चे वीरगळ' असे विशेषण न लावता 'शिलाहारकालीन' एवढेच म्हणणे उचित ठरेल. दोन्ही मतांना हा शब्द सामावून घेतो.

४. वीर आणि नाव

महाराष्ट्रातील वीरगळ निर्लेख का, याचा विचार करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्यांनी शिळा उभी केली त्यांना नाव लिहिण्याची गरज भासली नाही, कारण ते त्यांना ठाऊक होते. नाव घराण्याच्या तोंडी राहावयाचे आणि शिळेपुढे पूजा व्हावयाची. पिढ्या उलटल्यावर नाव गेले, पूजा उरली. अनेक कुटुंबांच्या देवघरांत आजही वीराचा टाक असतो, आणि नाशिकला धुलिवंदनाच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते. तेथेही 'वीर' हा शब्द विशेषनामाच्या जागी आला आहे. गावोगावच्या वीरगळांना शेंदूर लागला, कोणी भैरव झाला, कोणी गावदेव. शेंदराने कोरीवकाम झाकले जाते हे खरे; परंतु ज्या दगडाला शेंदूर लागला तो सहसा पायरीला किंवा पायात गेला नाही, हेही तितकेच खरे.

शहराच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. महानगरात जमिनीचे मोल चढते. शेत, तळे, आमराई टिकत नाहीत. एकसरच्या शिळा अशा परिसरातही उभ्या राहिल्या, याचे श्रेय इतिहासाच्या जाणिवेइतकेच गावठाणातील श्रद्धेलाही दिले पाहिजे. अभ्यासकाने शिळेपाशी जाताना तिच्या पूजकांकडून प्रथम तिचे नाव विचारावे. ते नाव बाराव्या किंवा तेराव्या शतकातील नसेल, पण ती शिळा आजवर का राहिली याचे उत्तर त्यात असते.

डोंगरगावच्या शिळेने राजाचा भाऊ कोण ते सांगितले. एकसरच्या शिळा राजाचे नाव सांगत नाहीत. त्या वल्ही मोजून दाखवितात, बुडणारी माणसे दाखवितात, आणि त्यांतील एकाला कैलासात नेऊन बसवितात. त्या शिळा ज्या वीरांसाठी घडविल्या गेल्या ते राजे नव्हते. त्यांच्या स्मारकाला एखाद्या राजाच्या युद्धाचे नाव देण्याची घाई करू नये, एवढी सावधगिरी तरी त्यांच्या संबंधात पाळली गेली पाहिजे.