बँजो पार्टी एक, चेहरे चार! मग लोकांनी ओळखायचं कसं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी चार फ्लेक्स शेजारी शेजारी लावून विचारलं होतं, यात बँजो पार्ट्या किती? तुम्हालाही चार वाटल्या असतील. पार्टी एकच आहे. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे चारही फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलेत.

झालं असं की आमच्याकडचा एक बँजोवाला दादा गणपतीच्या आधी तोंड पाडून दुकानात आला. १८ पोरांची पार्टी, वाजवतात एक नंबर. एका मंडळाच्या मुलांनी त्यांना हळदीत ऐकलं, गाडीवरच्या फ्लेक्सचा फोटो काढला आणि घरी जाऊन इन्स्टाग्रामवर शोधलं. तिथे त्याच नावाची दोन पेजेस. दादाच्या पेजचा लोगो निळा, गाडीवरचा फ्लेक्स लाल-पिवळा. दुसऱ्या पार्टीचं पेज मात्र लाल! मुलांनी तिकडे फोन लावला. विसर्जनाची सुपारी गेली.

आता तुम्ही म्हणाल, नाव बदला. अहो, आपल्या रायगडात निम्म्या पार्ट्यांना ग्रामदेवतेचंच नाव असतं. ते कोण बदलणार? आणि का बदलावं? पण नाव सारखं असेल तर ओळखायची सगळी जबाबदारी दिसण्यावर येते, हे आधी डोक्यात घ्या.

चार चेहरे झाले कसे ते सांगतो, कारण हे तुमच्याही धंद्यात होतंय. दादा दर वेळी रात्री ९ वाजता येणार, 'सकाळी पाहिजे' म्हणणार. जो ऑपरेटर ड्युटीवर असेल तो एखादं तयार टेम्प्लेट उचलणार. मागे ज्वाळा, पुढे सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो. नाव पुन्हा नव्याने टाइप करणार. पहिल्याने श्रीलिपीतला एक फॉन्ट वापरला, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो नाही, त्याने जवळचा कुठला तरी लावला. चूक आमची होतीच. पण फाइल दुकानदाराकडे आणि मालकाच्या हातात काहीच नाही, ही मूळ गडबड.

म्हणून पहिलं काम: तुमचं नाव एकदाच, नीट, काढून घ्या. अक्षरं 'कर्व्ह' करून घ्या, म्हणजे फॉन्ट असो-नसो, ते कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच उघडेल. ती फाइल स्वतःच्या ईमेलवर ठेवा. मंडळवाले त्यांच्या फ्लेक्सवर तुमचं नाव टाकतात ना? त्यांनाही हीच फाइल पाठवा आणि स्पष्ट सांगा, टाइप करू नका, हेच चिकटवा.

नावासोबत एक छोटी खूण पाहिजे. का? कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीत चार शब्दांचं नाव वाचता येत नाही. लहानपणी आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण कॅसेटच्या ढिगातून एचएमव्हीची कॅसेट ती कुत्र्यावरून बरोबर काढायची. ही खूण महागच लागते असंही नाही. रोलिंग स्टोन्स या इंग्लंडच्या बँडची लाल ओठ-जिभेची खूण १९७० मध्ये जॉन पाश नावाच्या, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या मुलाने केली. मोबदला ५० पौंड! मिक जॅगरने त्याला आपल्या कालीमातेचं चित्र दाखवलं होतं, जिभेची कल्पना तिथून आली. १९७१ च्या अल्बमपासून ती खूण आजपर्यंत चालू आहे. मधे कितीतरी फॅशन आल्या-गेल्या, जीभ तीच. दादाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग आमची देवी तर घरचीच हाय." देवीच्या मुखवट्याऐवजी आम्ही तिच्या नथीचा आकार घेतला. कारण सरळ आहे: फ्लेक्स शेवटी कुठे पडतो, कोणाच्या पायाखाली येतो, सांगता येत नाही.

रंगाचं मात्र सावकाश करा. मोबाइलवर रंग प्रकाशाने दिसतो, फ्लेक्सवर शाईने. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापल्यावर जांभळट येतो आणि मग भांडण आमच्याशी! आधी हातभर तुकडा छापून उन्हात बघा. दुसरी गोष्ट, जी कुठल्या कोर्समध्ये सांगत नाहीत: टी-शर्टवाल्याकडे जो रंग दरवर्षी मिळतो तोच निवडा. आम्ही मरून आणि हळदी पिवळा घेतला. बीबीएला ब्रँडिंगचा पेपर होता, पण कापडबाजार त्यात नव्हता.

मग मापं. यूट्यूबचं थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेल, उजव्या खालच्या कोपऱ्यात वेळ दिसते, तिथे खूण ठेवू नका. चॅनेलचा बॅनर २५६० बाय १४४०, पण मोबाइलवर त्यातली मधली पट्टीच दिसते. गाणं रिलीज करणार असाल तर कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० करून ठेवा. आणि त्यावर बुकिंगचा नंबर टाकू नका! अ‍ॅपल म्युझिकला कव्हरवर फोन नंबर, वेबसाइट चालत नाही, कव्हर परत येतं. नंबर फ्लेक्सवर मोठा टाका, पेजच्या बायोत टाका.

हे सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, खिसा फाटेल. दादाने आधी डीपी, बॅनर आणि पेज बदललं, त्याला छपाईचा खर्चच नाही. मग गाडीचा फ्लेक्स. ढोलांच्या पानांवरचं नाव पानं बदलायला आली तेव्हा. टी-शर्ट नवरात्रात. ज्वाळांचा मोह त्याला अजून होतो, पोरंही म्हणतात 'साधं वाटतंय'. मी ऐकत नाही.

सुपाऱ्या दुप्पट झाल्या वगैरे मी सांगणार नाही. पण पुढच्या सीझनला तेच मंडळ पेज बघून त्याच्याकडे आलं, "ते नथवाले तुम्हीच ना?" असं विचारत.

चार जुन्या फ्लेक्सपैकी एक अजून जिवंत आहे. दादाच्या अंगणात लाकडांच्या ढिगावर पांघरलाय, ज्वाळा आणि गॉगलांसकट. कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव अगदी स्वच्छ वाचता येतं.